नाल्यापलीकडचा अबोला

आमच्या शाळेचा म्हातारा अटेंडर, म्हणजे शिपाई, एका डोळ्याचा होता. दुसरा डोळा आणि त्या बाजूचा गाल तरुणपणी अस्वलानं नेला होता. त्यामुळे तो अस्वलाबद्दल बोलायला लागला की कोणी मध्ये तोंड घालत नसे. मीसुद्धा नाही, आणि मला मध्ये तोंड घालायची सवय फार.

जिल्हा तेव्हा एकच होता, आदिलाबाद, आणि राज्य आंध्र प्रदेश. नार्नूरकडच्या डोंगरातल्या एका गोंड वस्तीवर शाळा होती. शिकवणारे दोघंच, मी आणि माझे मिस्टर. त्यांना मी मास्तर म्हणते, अजूनही. आम्ही सडकेवरच्या गावात खोली घेऊन राहत होतो आणि तिथून रोज दोन कोस जंगलातून चालत जात होतो. पहिल्याच दिवशी अटेंडरनं आम्हाला व्हरांड्यात बसवलं आणि विद्यार्थ्यांना सांगावं तसं सांगितलं.

"वाघ भूक लागली तं येते, अस्वल भेवानं येते. त्याले दिसते कमी. खाऊन राह्यलं तं आयकू बी येत न्हाई. तुमी एकदम समोर दिसले का ते सरळ तोंडावर येते. म्हून बोलत जा. गाणे म्हना, भांडा, पन बोलत जा. आलंच अंगावर तं पळू नोका. पालथे पडा, तोंड मातीत, हात मानंवर."

आम्ही त्याचं ऐकलं. जाताना मी सतराचा, एकोणिसाचा पाढा म्हणायची. मास्तर जयंतीच्या मिरवणुकीतली गाणी म्हणायचे, तीही इतकी बेसूर की अस्वल काय, वाघही वाट सोडेल असं मी म्हणायची. भांडणं तर आमची रोजचीच. माझा राग नाकावर, त्यांची जीभ सैल. पण वाटेत एक नाला लागायचा आणि त्याच्यापुढे दाट जंगल सुरू व्हायचं. आम्ही दोघांनी ठरवून टाकलं होतं की अबोला नाल्याच्या अलीकडे. नाला ओलांडला की बोलायचं, मग वाटल्यास शिव्या द्या. तीन वर्षं हा नियम कोणी मोडला नव्हता.

चौथ्या वर्षी, मोहफुलं पडायला लागली त्या दिवसांत, त्यांचे मोठे भाऊ मुधोळहून आले. जेवताना त्यांनी सहज विचारलं, "शाळेत दोघं जनं काय करता रे?" मास्तर हसत म्हणाले, "शिकवतो मी. बाई पोरं सांभाळते."

उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांच्या दृष्टीनं ती थट्टा होती. पण माझी आई दुसऱ्याच्या कापसात निंदण करत होती आणि मी आमच्या वस्तीतली पहिली मुलगी, जिनं शिक्षकाची परीक्षा पास केली. त्यांच्याबरोबर, एकाच वर्षी, त्यांच्यापेक्षा वरच्या नंबरानं. हातातली पळी मी तिथंच ठेवली आणि त्या दिवसापासून मिठाची गुळणी धरली. दोन दिवस सुट्टीचे होते, ते तसेच गेले. मनात मात्र उत्तर घोटून घोटून तयार होत होतं. तिसऱ्या दिवशी शाळा होती.

उन्हाळ्याची सकाळची शाळा, म्हणून आम्ही उजाडताच निघालो. नाला ओलांडला. मास्तर थांबले आणि मागे वळून म्हणाले, "बाई, नाला आला अन् गेला. आता बोल."

मी बोलले नाही. नियम मला माहीत होता, अटेंडरचा चेहराही माहीत होता. तरी मला वाटलं, ही तर त्यांची सोय झाली. घरी वाट्टेल ते बोलायचं आणि जंगलात आलं की अस्वलाच्या नावानं बायकोचा राग संपवायचा.

त्यांनी एकट्यानं एक गाणं म्हटलं. दोन कडवी झाली, तिसरं अर्ध्यावर सोडलं. "काऊन इतकी चिडून राह्यली? चुकलं म्हनतो ना मी." मी रस्त्याकडे बघत चालत राहिले. खरं सांगते, 'चुकलं' हा शब्द मी ऐकला होता. तो मला पुरेसा वाटला नाही.

"बरं," ते म्हणाले, "मंग मी बी न्हाई बोलत." आणि काठी घेऊन तरातरा पुढे निघून गेले.

सागाची पानं गळून वाटेवर पडलेली असायची, पाऊल टाकलं की करकर वाजायची. पण पुढे मोहाची झाडं लागली. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून बायका झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन स्वच्छ करतात. तिथं आमच्या पावलांचाही आवाज बंद झाला. चपलेत काटा शिरला म्हणून मी थांबले. मास्तर वीसेक पावलं पुढे होते. मी वाकले आणि मला एक आवाज आला. बशीतला चहा भुरके मारून प्यावा तसा. डाव्या हाताला, वाटेच्या वळणावर मोठं वारूळ होतं, त्याच्यामागून. मास्तर रागाच्या भरात चालत होते, त्यांना तो ऐकू गेला नसावा.

वारुळातली वाळवी अस्वल कसं ओढतं, हे अटेंडरनं तोंडानं आवाज काढून आम्हाला दाखवलं होतं. मला कळलं. कळल्यावर ओरडायला किती वेळ लागतो? पण तेवढ्यात माझ्या मनात आलं की आता मी आधी बोलले तर मी हरले. एवढंच आलं. एका श्वासापुरतं. तो श्वास मी आजही मोजते.

तोवर मास्तर वळणावर पोचले होते. काळं धूड एकदम उभं राहिलं, छातीवर पांढरा पट्टा, मागे पिल्लू. मास्तरांनी काठी वर केली, ती कुठं गेली ते दिसलंच नाही. ते खाली पडले आणि पडता पडता पालथे झाले, हात मानेवर, अगदी सांगितल्याप्रमाणे. अस्वल त्यांच्या डोक्यावर वाकलं होतं. ते ओरडत होतं, मास्तर ओरडत नव्हते.

तेव्हा माझं तोंड उघडलं. हातातल्या जेवणाच्या डब्यावर दगड आपटत मी धावत सुटले आणि तीन दिवस घोटून ठेवलेलं सगळं त्या अस्वलावर ओतलं. "पोरं सांभाळते काय मी? सांभाळते? तुयापेक्षा वरच्या नंबरानं पास झाली मी! सरक! सरक तिथून!" मी शुद्धीवर नव्हते. त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं, तोंड लाल होतं. मी थांबले नाही, माझ्यानं थांबवलं जात नव्हतं. मग ते पिल्लाच्या मागे घाणेरीच्या झुडपात घुसलं.

मास्तरांचा डावा कान गेला होता. डोक्याची कातडी सुटून खाली आली होती, डाव्या हाताची दोन बोटं लोंबत होती. मी पदर फाडून बांधला आणि ओरडत राहिले. माझा आवाज ऐकून मोह वेचणाऱ्या बायका आल्या, मागून वस्तीवरून बाज घेऊन अटेंडर आला. त्यांना बाजेवर घातलं. उचलण्याआधी म्हाताऱ्यानं आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे त्या एका डोळ्यानं बघितलं.

"बोलून नव्हते राह्यले काय तुमी?"

पदराच्या चिंधीखालून मास्तरांचा आवाज आला, बारीक, पण स्पष्ट.

"बोलून राह्यलो होतो ना. बाई पाढा म्हनून राह्यल्या होत्या. एकोनिसाचा."

"मंग ते बहिरं असंल," म्हातारा म्हणाला आणि बाजेचा पाय खांद्यावर घेतला.

मास्तर दवाखान्यात दोन महिने होते. डाव्या बाजूनं त्यांना नीट ऐकू येत नाही आणि दोन बोटं नाहीत. पुढे आमची बदली बोथ गावाला झाली, नोकरी संपली, नातवंडं झाली. कोणी विचारलं की मास्तर तीच गोष्ट सांगतात: बाईंचा पाढा दोन कोस ऐकू जायचा, पण आमच्या नशिबी अस्वलच बहिरं आलं. लोक हसतात. मीही हसते. एकट्यात असतानाही त्यांनी मला कधी विचारलं नाही की तू का बोलली नाहीस. तो भुरक्यांचा आवाज मी आधी ऐकला होता, हे तर त्यांना माहीतच नाही.

आज लिहून झालं. आता त्यांना वाचून दाखवायचं आहे, उजव्या बाजूला बसून.