चष्म्यातल्या खाणीची छत

मी टेकूला हात लावला आणि तोंडावर पडलो.

टेकू तिथे नव्हताच. होता तो डोळ्यांवरच्या चष्म्यात. पण खाणीत जरा वाकून उभं राहायचं तर डावा हात लाकडी टेकूवर ठेवायचा, ही माझी एकतीस वर्षांची सवय. ती सवय ट्रेनिंग सेंटरच्या फरशीवर गुडघे फोडून गेली. सोनल धावत आली.

"काका, लागलं का? मी म्हटलं होतं, खुर्चीवर बसून बघा."

"खुर्चीवर बसून खाण पाह्यते का कोणी?" मी म्हणालो. लागलं होतं, पण सांगितलं नाही.

मी भगत, राजूरचा. जमिनीखालच्या कोळसा खाणीत मायनिंग सरदार होतो. सरदार म्हणजे मोठा साहेब नव्हे. एका टोळीच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर असते तो माणूस. त्याने आधी आत जायचं, हवा पाहायची, गॅस पाहायचा, छत पाहायची आणि मग माणसं आत सोडायची. रिटायर झाल्यावर आमची खाण बंद पडली आणि तिच्यात पाणी भरलं. आता खाण म्हणून जे काही उरलं होतं ते माझ्या डोक्यात होतं, आणि तेच काढून घ्यायला ही मुलगी आली होती.

झालं होतं असं. परदेशातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी मेटाव्हर्स नावाच्या गोष्टीत वारेमाप पैसा ओतला होता. सोनलने मला समजावलं ते असं, की इंटरनेट आपण बाहेरून बघतो, आणि मेटाव्हर्समध्ये आत शिरून फिरतो. डोळ्यांवर चष्मा, दोन हातांत दोन रिमोट. कोणी चष्मे बनवले, कोणी ऑफिसच्या मीटिंगा तिथे भरवल्या, कोणी तर त्या नसलेल्या जगातले प्लॉटसुद्धा विकले. घरी बसलेल्या माणसाला ते फारसं पटलं नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की कारखाने, खाणी अशा ठिकाणी माणसं शिकवायला हे कामाचं आहे, कारण चष्म्यात चूक झाली तर कोणी मरत नाही. त्या पैशाचा एक ओघळ फिरत फिरत नागपूरच्या एका छोट्या फर्मकडे आला, आणि फर्मने सोनल राठोडला राजूरला पाठवलं. ती उमरखेडकडच्या एका तांड्यातली. तांड्यातली पहिली इंजिनियर. खाण तिने जन्मात पाहिली नव्हती, आणि बनवत होती खाणच.

माझं काम एवढंच, की सगळं पाहून कागदावर सही करायची. ही खाण खऱ्यासारखी आहे, इथे शिकलेला माणूस खऱ्या खाणीत पाठवायला हरकत नाही, असं.

दिसायला तिची खाण झकास होती. कोळशाची चमक, पायाखालचा चिखल, रुळांवरची डबकी. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या फेरीत मी रिमोटची काठी केली आणि सवयीने छत ठोकली. टक् वाजलं. चार पावलं पुढे जाऊन ठोकली. टक्. भेगेखाली ठोकली. तरीही टक्.

मी चष्मा काढला. "सोनल, ही छत मुकी हाय."

छत तपासण्याची रीत सोपी आहे. एका हातात काठी, दुसऱ्या हाताची बोटं छतीला. काठीने ठोकायचं. दगड वरच्या थराला घट्ट धरून असेल तर ठण् वाजतं आणि बोटांना काही जाणवत नाही. थर सुटला असेल तर ढब् वाजतं आणि बोटांखाली बारीक थरथर होते. डोळ्यांना दोन्ही छती सारख्याच दिसतात. सरदाराचं शिक्षण म्हणजे निम्मं त्याच्या कानाचं शिक्षण.

सोनलने नागपूरला बॉसला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"भगतसाहेब, साउंड आपल्या स्कोपमध्ये नाही," बॉस म्हणाले. "तिकडे परदेशात क्लायंटची टीम कमी होऊन राहिली. सोमवारी तुमच्या सहीसकट फाइल गेली नाही तर प्रोजेक्ट बंद. समजून घ्या ना."

"समजलं साहेब. सही नाही करत."

फोन बंद झाल्यावर सोनलने लॅपटॉप मिटवला. प्रोजेक्ट बंद म्हणजे तिची नोकरी बंद, हे तिने सांगितलं नाही तरी मला कळत होतं. पण माझा हात सहीला उठत नव्हता, आणि त्याचं कारण देवराव होता.

देवराव माझ्या टोळीतला. अठरा वर्षांपूर्वी छत पडून गेला. त्या पाळीचा सरदार मी. चौकशी झाली, कागद झाले, त्याच्या मुलाला नोकरी लागली. पण देवरावच्या बायकोसमोर, शेवंतावहिनींसमोर, मी त्यानंतर धड उभा राहिलो नाही. दिवाळीचा फराळ द्यायचा तर बायकोला पाठवायचो. बाजारात दिसल्या की रस्ता बदलायचो.

सोनलला मी यातलं निम्मं सांगितलं. ती म्हणाली, "आवाज मी टाकते काका. रिमोटमध्ये थरथरसुद्धा देता येते. पण खरा आवाज आणू कुठून?"

चालू खाणीत मोबाइल, रेकॉर्डर नेता येत नाही, गॅसमुळे बंदी असते. आमची खाण पाण्याखाली. मी दोन दिवस डोकं खाजवलं. मग घरी वर पाहता पाहता सुचलं. कॉलनीतली क्वार्टर्स जुनी, एखाद्याचं तरी प्लास्टर स्लॅबपासून सुटलेलं असणार. दगडाचा थर सुटणं आणि प्लास्टर सुटणं, कानाला फार फरक नाही.

शनिवारी सकाळी मी बांबूची काठी घेतली, सोनलने माइक घेतला, आणि आम्ही घरोघरी छती ठोकत निघालो. लोकांना वाटलं, म्हातारा गेला कामातून. ठण् भरपूर मिळाले. ढब् मिळेना. तेवढ्यात समोरच्या ओळीतून हाक आली.

"भाऊजी, माह्या घरची बी पाहा ना."

शेवंतावहिनी दारात उभ्या होत्या. रस्ता बदलायला जागा नव्हती.

स्वयंपाकघर ठण्. पुढची खोली ठण्. आतल्या खोलीत त्यांची खाट होती, गोधडी नीट घडी केलेली. मी उशीच्या वरच्या जागी ठोकलं.

ढब्.

काठीतून बोटांपर्यंत थरथर आली. सोनलचा चेहरा उजळला. "काका, हाच ना? परत ठोका, मी माइक लावते."

"आंधी खाट सरकव," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो असेन. वहिनींना बाहेर काढलं. खाट, ट्रंक, भिंतीवरचा देवरावचा फोटो, सगळं पुढच्या खोलीत नेलं. मग दारात उभं राहून लांब काठीने ठोकलं आणि सोनलने आवाज घेतला. शेवटी, खाणीत सैल दगड मुद्दाम खाली पाडतात तसं, प्लास्टरला काठीचं टोक लावून ते खाली घेतलं. पाटाएवढा तुकडा पडला, जिथे उशी होती बरोबर तिथे.

वहिनींनी दाराशी आलेली धूळ पायाने सारली. मग म्हणाल्या, "चहा ठेवते. बसा आता."

मी बसलो. अठरा वर्षांनी बसलो.

सोनलने रविवारी दोन्ही आवाज खाणीत बसवले, सोमवारी मी सही केली. फाइल वेळेत गेली. पण वर्ष उलटायच्या आत त्या मोठ्या कंपन्यांचं मन दुसरीकडे वळलं. आता त्यांचा पैसा एआयमध्ये जातो म्हणे. नागपूरच्या फर्मने चष्म्याचं काम गुंडाळलं. सोनलला तोवर हैदराबादला नोकरी लागली होती, त्यामुळे माझ्या जिवाला घोर राहिला नाही. दोन चष्मे मात्र ट्रेनिंग सेंटरला राहिले. दर मंगळवारी मी तिथे आसपासच्या चालू खाणींतल्या नव्या भरतीला छत ठोकायला शिकवतो.

एका मंगळवारी शेवंतावहिनी आल्या. म्हणाल्या, "मले बी दाखवा. थे कुठं काम करत होते, मी कधी पाह्यलंच नाही."

मी त्यांना खुर्चीवर बसवून चष्मा लावला. त्या हळूहळू मान फिरवत होत्या. इतका अंधार असते का, म्हणाल्या. मी रिमोट त्यांच्या हातात देऊन छत ठोकवून घेतली. ठण्. मग भेगेखाली. ढब्.

"हा तं माह्या खोलीतला आवाज," त्या म्हणाल्या. मग चष्म्याआडूनच विचारलं, "त्या दिवशी असाच वाजला होता का, भाऊजी?"

आता टाळता येत नव्हतं.

"नाही वहिनी. सकाळी मी ठोकली तवा पक्की वाजली. मंग ब्लास्टिंग झालं. ब्लास्टिंग झाल्यावर पुन्हा ठोका लागते. मी दुसऱ्या टोळीकडं अडकलो होतो. देवराव माही वाट न पाहता आत गेला."

"मंग इतके वर्ष सांगतलं काहून नाही?"

"काय सांगू? माही चूक म्हणू का त्याची? मले दोन्ही म्हणवत नव्हतं."

त्यांनी चष्मा काढला. डोळे ओले होते, पण चेहरा शांत होता. "थे वाट पाहणाऱ्यातले नव्हतेच. लग्नात बी अक्षता पडाच्या आंधीच पाटावरून उतरले होते. मले वाटे, तुमी बोलत नाही म्हणजे आमचाच राग हाय तुमाले."

मी तिथेच, नव्या भरतीच्या पोरांसमोर, रडलो. वहिनींनी पदराने माझे डोळे पुसले नाहीत की काही नाही. फक्त आपली खुर्ची माझ्याजवळ ओढून बसून राहिल्या.

पोरांना मी हल्ली एवढंच सांगतो, की सकाळी ठोकलेली छत सकाळपुरतीच पक्की असते. मोठा हादरा बसला की पुन्हा जाऊन ठोकायची, आतून काय वाजतंय ते ऐकायचं. हा नियम मी एकतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवला, आणि समोरच्याच ओळीत राहणाऱ्या बाईच्या दारात अठरा वर्षं एकदाही गेलो नाही.