निकेलचं हिरवं पाणी

मी नववीत होते तेव्हा माझे कान पहिल्यांदा चिघळले. शाळेत सोनं घालायला बंदी होती, म्हणून आईने माझ्या सोन्याच्या रिंगा काढून कपाटात ठेवल्या होत्या आणि मी बंगळूरच्या राजाजीनगर बाजारातून चंदेरी झुमके घेतले होते. तीन दिवस नुसती खाज सुटली. आठवड्याने पाणी यायला लागलं. सकाळी उठले की उशीचा अभ्रा कानाला चिकटलेला असायचा. "पिकलेत," आई म्हणाली. हळद-खोबरेल लावून तिने झुमक्यांच्या जागी कडुलिंबाच्या काड्या घातल्या. कान सुकले आणि आम्ही ते विसरलो.

मग बेंबीखाली एक डाग उठला. लाल, खरबरीत, खाजवला की ओला. महिनाभराने डाव्या मनगटावर एक, त्यानंतर छातीच्या वर, डाव्या बाजूला एक. एक बरा होईपर्यंत दुसरा तयार. आत काहीतरी हिंडतंय आणि जागा शोधून बाहेर येतंय, असं मला वाटायचं. आईने दुधी वर्ज्य केला, वांगं वर्ज्य केलं, शेवटी लोणचंही. काही फरक पडला नाही.

मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला एका बाईंनी माझा हात धरून मनगट उजेडाकडे वळवलं. बराच वेळ बघितलं आणि हात सोडला. मग आपली बोटं पदराला पुसत त्या आईला हळूच म्हणाल्या, "डागावर टाचणी टोचली तर हिला कळतं ना? एकदा बघा टोचून."

घरी आल्यावर आईने खरंच टाचणी आणली. मी ओरडले, तेव्हा ती टाचणी टाकून म्हणाली, "कळतंय. देवा, कळतंय हिला. महारोग नाही."

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते यशवंतपूरच्या पलीकडे एका सरकारी कारखान्यात होते, मुलामा देण्याच्या खात्यात. लोखंडी-पितळी सुटे भाग हौदात बुडवायचे आणि चकचकीत करून बाहेर काढायचे, इतकंच मला त्यांच्या कामाबद्दल ठाऊक होतं. त्यांचे हात वर्षभर फुटलेले असत. "बंगळूरची हवा कोरडी," ते म्हणायचे. घरात सगळे हाताने जेवायचे, अण्णा चमच्याने. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. मला ते असेच आठवतात, त्यामुळे त्यात काही वेगळं आहे असं कधी वाटलं नव्हतं.

त्या संध्याकाळी आईने त्यांना माझं मनगट दाखवलं. अण्णा वाकले. हात पाठीमागे बांधून त्यांनी डाग बघितला, जवळून, चष्मा वर करून. त्यांचा चेहरा उतरला.

"कधीपासून आहे?"

"सहा महिने होतील," आई म्हणाली.

"मला आधी का नाही सांगितलं?"

दुसऱ्या दिवसापासून ते कारखान्यातून आले की मागच्या अंगणातल्या नळावर अंघोळ करूनच घरात यायला लागले. त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत, ते स्वतः धुणार. खुर्ची वेगळी, टॉवेल वेगळा. परीक्षेच्या दिवसांत ते माझ्या खाटेच्या कडेला बसून भूमिती समजावून द्यायचे, आता दारातूनच विचारायचे, "जमतंय ना?" आईने कारण विचारलं तर म्हणायचे, "कारखान्याची घाण आहे. घरात नको."

दरवर्षी आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, कामगारांच्या घरच्यांना कारखाना बघायला नेत. त्या वर्षी अण्णा म्हणाले, यंदा नको. पण गल्लीतली सगळी चालली होती आणि आईने हट्ट धरला. कंपनीच्या बसने आम्ही गेलो. प्रत्येक यंत्राला झेंडूच्या माळा, हळदकुंकवाची बोटं. दारात कोहळा फोडून त्यात कुंकू कालवलेलं होतं आणि लोक त्या लाल गरातून चपला चुकवत आत जात होते.

अण्णांचं खातं सगळ्यात शेवटी होतं. आत शिरताच घशात काहीतरी आंबट, धातूसारखं बसलं. यंत्रं बंद होती, पण हौद भरलेले होते. पाचूसारखं हिरवंगार पाणी, इतकं सुंदर की मी काठाशी वाकले. "मागे हो!" अण्णा ओरडले. त्यांना तसं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या खांद्याला धरून ओढायला त्यांनी हात पुढे केला आणि तो मध्येच थांबवला.

शेजारच्या हौदावर काम करणारा एक गृहस्थ तिथे उभा होता. तो श्वास घ्यायचा तेव्हा नाकातून बारीक शीळ वाजायची. तो अण्णांहून वयाने मोठा होता, हुबळीकडचा, मराठी बोलायचा. अण्णा साहेबांकडे गेले तशी त्याची नजर माझ्या मनगटावर पडली.

"हे काय गं? तुलापण?" तो म्हणाला. "ही या हिरव्या पाण्यातल्या निकेलची खाज. इथे सगळ्यांना होते. माझं नाक तर त्या पलीकडच्या क्रोमच्या हौदाने खाल्लं, मधला पडदाच नाही. तुझ्या वडिलांचे हात बाह्या वर करून बघितलेस का कधी?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग कुणाजवळ बोलू नको. वर कळलं तर अनफिट म्हणून काढतील खात्यातून. फोरमनच्या जागेला नाव लागलंय त्यांचं."

परतताना बसमध्ये मी अण्णांच्या शेजारच्या जागेवर बसले नाही. आईच्या मांडीशी अंग चोरून बसले. माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की झाली होती: हे त्यांच्याकडून आलं. ते रोज घरी आणतात, कपड्यांतून, हातांतून, आणि ते माझ्यात शिरलंय. त्यांनी वेगळी बादली ठेवली म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल लिहिताना मला अजून जड जातं. अण्णांनी वापरलेला तांब्या मी आधी विसळून घ्यायचे. त्यांच्या खुर्चीला वळसा घालून जायचे. एका रविवारी त्यांनी मोसंबं सोललं, फोडी सुट्या करून ताटलीत ठेवल्या आणि ताटली माझ्याकडे सरकवली. मी म्हणाले, "नको. मी दुसरं घेते."

ते ताटलीकडे बघत राहिले आणि मग एकेक फोड करून सगळं मोसंबं त्यांनीच संपवलं. आई स्वयंपाकघरातून बघत होती.

आमच्या खाली घरमालकीण राहायची. तिला आम्ही अक्का म्हणायचो. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका होती, नुकतीच निवृत्त झालेली. एका दुपारी गच्चीवर कपडे वाळत घालताना मी पोट खाजवत होते, ते तिने बघितलं.

"इल्ली बा," तिने बोलावलं. "इकडे ये. स्वल्प, जरा दाखव."

तिने माझा डाग बघितला. मग दोरीवरचा माझ्या शाळेचा स्कर्ट ओढला, त्याचा कमरेचा हूक बोटात धरला आणि डागावर टेकवला. हूक त्या डागावर तंतोतंत बसला. मनगटावर तिने माझ्या घड्याळाची मागची बाजू ठेवली. गोलाला गोल जुळला. छातीवरच्या डागाला तिने हात लावला नाही, नुसतं विचारलं, "शाळेचा बिल्ला इथे लावतेस ना?"

इतके महिने मी जे आतून वर येतंय म्हणून घाबरत होते, ते बाहेरून, मी रोज सकाळी स्वतःच्या हाताने अडकवत होते.

अक्कानेच आम्हाला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी माझ्या पाठीवर चिकटपट्ट्यांच्या रांगा लावल्या, प्रत्येकीखाली एकेका पदार्थाचा थेंब. दोन दिवस अंघोळ नाही. पट्ट्या निघाल्या तेव्हा निकेलच्या जागी पाठ भाजल्यासारखी लाल होऊन फोड आले होते. बाकी पाठ स्वच्छ.

"वडील काय करतात?" त्यांनी सहज विचारलं. आईने सांगितलं. त्यांची लेखणी थांबली. "त्यांना घेऊन या. लवकर."

अण्णा गेले नाहीत. आज पाळी आहे, उद्या तपासणी आहे, पुढच्या महिन्यात बघू. आई मागे लागली तर म्हणायचे, "नाव वर गेलंय गं. दोन-तीन महिने थांब."

तेवढे महिने मिळाले नाहीत. एका शनिवारी सकाळी ते कामावर निघाले आणि पाच मिनिटांत परत आले. जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसले. मी वर होते. आधी आवाज ऐकला; वाटलं, कुकरची शिटी वर येतेय. मग कळलं, तो आवाज अण्णांच्या छातीतून येतोय. ओठ जांभळे पडले होते. ते हवा आत ओढत होते आणि हवा जात नव्हती. मी धावत खाली गेले, त्यांच्या शर्टाची बटणं सोडली, बाह्या वर सारल्या.

तेव्हा मी त्यांचे उघडे हात बघितले. मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत कातडी नव्हतीच म्हणावी अशी. भेगा, खपल्या, मध्येमध्ये ओलं मांस. हे घेऊन माणूस रोज त्या हिरव्या पाण्यापाशी उभा राहत होता.

"हात नको लावू," ते म्हणाले, श्वास नसताना. "तुला लागेल."

मी हात काढला नाही. अक्काने ऑटो आणली. आई आणि ती त्यांना घेऊन गेल्या, आणि मी जिन्यावर बसून राहिले, माझ्या बोटांना लागलेलं त्यांचं रक्त सुकेपर्यंत.

चार दिवसांनी ते दवाखान्यातून घरी आले; हौदांच्या वाफेने दमा जडलाय, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. जरा बरे झाले तशी त्यांनीही पाठीवर पट्ट्या लावून घेतल्या. पट्ट्या काढायच्या दिवशी मी बरोबर गेले. त्यांच्या पाठीवर तीच जागा पेटली होती. डॉक्टरीणबाई लिहीत होत्या, तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "माझ्यामुळे झालं ना हिला?"

"नाही. तिला स्वस्त कानातल्यांतल्या निकेलमुळे झालं. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही."

"पण कपडे..."

"कपडे वेगळे धुता, ते चांगलंच आहे. तशी कातडी घराण्यात असू शकते, पण ती कोणी कोणाला मुद्दाम देत नाही." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि हात धरल्याने तर मुळीच नाही."

मला वाटलं, त्यांना सगळं कळलंय. बाहेर आल्यावर रस्ता ओलांडताना मी अण्णांचा हात धरला. खपल्या टोचल्या. ते पलीकडच्या फुटपाथपर्यंत सरळ समोर बघत चालले, आणि तिथे पोचल्यावर त्यांनी एकदाच नाक ओढलं.

घरातला धातू आईने दोन दिवसांत हुडकून काढला. हूक कापून कापडी बटणं, स्कर्टला नाडी, जीन्सच्या बटणामागे मांजरपाटाचा दुहेरी तुकडा, घड्याळाला कापडी पट्टा आणि पाठीला चिकटपट्टी. बिल्ला आतून फ्लॅनेल लावून शिवला. कोणीतरी बटणावर पारदर्शक नेलपॉलिश लावायला सांगितलं. ते आठवड्यात तडकायचं आणि पोट पुन्हा सांगायचं. मला फारसं अवघड गेलं नाही. मला लांब राहता येत होतं.

अण्णांना राहता येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं पत्र दिल्यावर बदलीला सात महिने लागले. सात महिने ते त्याच खात्यात जात राहिले, आणि संध्याकाळी बसची वेळ झाली की आई, मी आणि खाली अक्का, तिघी जिन्याचा आवाज ऐकत बसायचो. पावलं सलग आली की आई गॅस पेटवायची. दोनदा पावलं मध्येच थांबली.

शेवटी त्यांना यंत्रांच्या नकाशांच्या भांडारात टाकलं. फोरमनची जागा गेली. हात वर्षभरात भरून आले, नवी कातडी गुलाबी, लहान मुलासारखी. छाती मात्र भरली नाही. धूर, उदबत्ती, फोडणी, कशानेही ती शिटी सुरू व्हायची. "ती आता राहणार," डॉक्टर म्हणाले.

अण्णांच्या हौदावर ज्याची नेमणूक झाली तो चाळिशीचा, दोन मुलींचा बाप होता. एका रविवारी तो म्हैसूरपाक घेऊन भेटायला आला. अण्णांनी त्याला आतल्या खोलीत नेऊन शर्ट काढून दाखवलं आणि बराच वेळ समजावलं. तो गेल्यावर आईने विचारलं, "सांगितलंत ना सगळं?"

"सांगितलं."

"मग?"

"हसला. म्हणाला, माझी कातडी जाड आहे."

अण्णा खिडकीशी उभे होते. खाली तो माणूस स्कूटर चालू करत होता, आणि किक मारायच्या आधी त्याने उजवं मनगट दोनदा पँटला घासलं.