शिळं पाणी

तुरटीकाकांनी पस्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढली. शहराच्या पाण्यात तुरटी किती, क्लोरीन किती, हे त्यांच्या हातात. त्यावरून पडलेलं नाव निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. पण हाच माणूस स्वतःच्या अंगणातल्या तळ्यात नळाचं पाणी थेट कधी सोडायचा नाही. रोज सकाळी बादल्या भरून उघड्यावर ठेवायच्या, क्लोरीन उडू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी तळ्यात घालायचं. "माशांना शिळंच पाणी मानवतं," ते सांगायचे. बायको गेल्यापासून काका स्वतःही एकदाच शिजवून दोन दिवस भागवायचे, त्यामुळे शिळ्याचं त्यांना वावडं नव्हतंच.

मग मुलाचा फोन आला. "बाबा, आम्ही तुमच्याकडेच राहायला यायचं म्हणतोय. फक्त ते तळं काढा. पोरगी चालायला लागलीय, हिच्या जिवाला घोर लागतो."

सूनबाई त्या तळ्याला पहिल्यापासून पाण्यात पाहायची, हे काका जाणून होते. पण बोलणं खोटं नव्हतं. चालतं लेकरू आणि कमरेइतकं पाणी, कोण जोखीम घेईल? शिवाय भिंतींशी बोलून काका कंटाळले होते. नात येणार म्हटल्यावर त्यांनी घराचं छप्परही काढून दिलं असतं.

घोडं अडलं माशांपाशी. हातभर वाढलेले, लाल-सोनेरी, अकरा नग. दुकानदार म्हणाला, "काका, गिऱ्हाइकाला बोटाएवढे लागतात. हे कुठल्या काचेत मावणार?" भाचीने कानावर हात ठेवले. शेजारी म्हणाला, "नदीत सोडा की, पुण्य लागेल."

"आणि नदीतल्या माशांना यांचे रोग लागले, तर ते पाप कोणाला?" काकांनी विचारलं. फुकट सल्ला देणाऱ्याचं एक बरं असतं, त्याच्या घरी मासा न्यावा लागत नाही.

शेवटी रोपवाटिकेचा मालक तयार झाला. त्याच्याकडे सिमेंटची मोठी टाकी होती, जुन्या हिरव्या पाण्याची. मासे सोडताना काकांनी चारचारदा बजावलं, "हेच पाणी राहू दे. नळाचं घालायचं झालं तर थोडंच, तेही एक दिवस उघडं ठेवून."

"हो काका, हो," मालक म्हणाला. अशा 'हो'चा अर्थ 'आता निघा' असाही असतो, हे काकांना या वयात तरी कळायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी ते बघायला गेले. टाकी लख्ख होती आणि अकराच्या अकरा मासे पोटं वर करून तरंगत होते. मालक ओशाळला. "हिरव्या पाण्यात दिसत नव्हते हो, म्हणून टाकी घासून ताजं पाणी भरलं. एवढं स्वच्छ पाणी, आणि तरी..."

"स्वच्छ असणारच," काका म्हणाले. "पाणीपुरवठ्यातल्या पोरांना मीच शिकवलंय."

घरी येऊन त्यांनी पहार घेतली. नवरा-बायकोने महिनाभर खपून केलेलं तळं दोन दिवसांत फुटलं. गवंड्याने खड्डा बुजवून वर सिमेंट केलं. माशांचं काय झालं ते काकांनी मुलाला सांगितलं नाही. उगाच पोराला वाईट वाटायचं.

आठवड्याने फोन आला. "बाबा, रागावू नका. हिच्या आईच्या सोसायटीतच फ्लॅट मिळतोय. खाली बाग आहे, झोपाळे आहेत. तुमच्याकडे पोरीला रमायला काहीच नाही ना."

काका "बरं" म्हणाले. मुलाचा राग आला, सुनेचाही आला, पण सगळ्यात जास्त आला तो स्वतःचा. अकरा जीव दिले, ते कोणी मागितलेसुद्धा नव्हते. मागितलं होतं ते फक्त तळं, आणि तेही सहज, बोलता बोलता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात आले तर पायरीशी बादली भरलेली. आदल्या दिवशी सवयीने त्यांनीच ठेवली होती. पाणी अगदी हवं तसं शिळं झालं होतं. त्यांनी ते सिमेंटवर ओतलं आणि वाळेपर्यंत तिथेच उभे राहिले.