डाव्या चाकामागची वायर

आमच्या यामिनीबद्दल कोणी ‘बाई असून गाड्या दुरुस्त करते’ म्हटलं की माझं डोकंच सणकतं. बाई असून म्हणजे काय? पाना कोणाच्या हातात आहे हे गाडीला कळतं का? पण खोटं काहून बोलू, मागच्या वर्षापर्यंत माझी स्वतःची गाडी मी तिच्याकडे नेली नव्हती. सख्खा काका मी. सदर भागातल्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं, सगळे भय्यासाहेब म्हणतात. तिचं वर्कशॉप महाराजपुरात, घरापासून वीस मिनिटांवर. तरी माझी गाडी दुसरीकडेच जायची.

यामिनी माझ्या धाकट्या भावाची मुलगी. आठवीत असताना तिनं घरातला मिक्सर उघडून ठेवला. आई ओरडली, “काहून हात लावून राहिली त्याला?” तर म्हणते, “आवाज बदलला ना आई, आत काहीतरी घासून राहिलं आहे.” आणि खरंच घासत होतं. पुढे पॉलिटेक्निक केलं, सहा वर्षं एका शोरूममध्ये गाड्यांची इलेक्ट्रिकची कामं केली, मग स्वतःची पाटी लावली. बोलते कमी. गाडी आली की बॉनेटला हात लावत नाही. आधी मालकाला शेजारी बसवून चक्कर मारते आणि खोदून खोदून विचारते. लोक वैतागतात. तिला त्याचं काही नाही.

तर माझ्या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा लागला. घसरणारी गाडी आणि मागे नागमोडी रेघा, असं चित्र असतं त्याच्यावर. चाक घसरायला लागलं की गाडी स्वतःच सावरते, ती सोय बंद पडली असा त्याचा अर्थ. दोन मेकॅनिक झाले. दोघांनीही पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर बदलला. दोन दिवस दिवा गायब, तिसऱ्या दिवशी हजर.

त्याच सुमारास आमच्या मराठी मंडळाच्या शाळेच्या तीन व्हॅन सांभाळायचं काम कोणाला द्यायचं हे ठरणार होतं. यामिनीनं अर्ज केला होता. ते काम मिळालं असतं तर तिच्या वर्कशॉपला पाय रोवता आले असते. नाहीतर शेजारचे लोक टपूनच बसले होते, ‘बघा, म्हटलं नव्हतं’ म्हणायला. अध्यक्ष उल्हासराव मला म्हणाले, “पोरगी हुशार आहे, मान्य. पण व्हॅनमध्ये लेकरं बसतात. तुम्ही स्वतः तरी नेता का गाडी तिच्याकडे?”

“नाही,” मी कबूल केलं आणि त्या पिवळ्या दिव्याचं रडगाणंही सांगून टाकलं.

“चलो, ऐसा करते हैं,” ते म्हणाले, “तुमचा तो दिवा तिनं रविवारच्या बैठकीपर्यंत घालवला, तर व्हॅन तिच्या.”

शनिवारी सकाळी गेलो. तिनं टोमणा मारला नाही, हेच जास्त लागलं. विचारलं, “काका, दिवा कधी लागतो?”

“लागतो तेव्हा लागतो.”

“असं नाही. सरळ जाताना की वळताना? कोणत्या बाजूला?”

जन्मभर पोरांना ‘निरीक्षण लिहा’ म्हणत आलो आणि स्वतः एवढंही पाहिलं नव्हतं. तिनं मोकळ्या मैदानात गाडी फिरवली. उजवीकडे पूर्ण वळवली की दिवा लागायचा, दर वेळी. मग गाडी वर उचलून सेन्सरकडून आत जाणाऱ्या वायरीला तिनं मीटर लावला आणि मला स्टिअरिंग फिरवायला सांगितलं. चाक सरळ असताना मीटर वाजत होता, उजवीकडे वळवलं की गप्प. वायर बाहेरून धडधाकट, आतून तुटलेली.

“काका, हे काय आहे?”

त्याच वायरीला काळ्या दोऱ्यानं लिंबू-मिरची बांधली होती. मीच बांधली होती. दोन वर्षांपूर्वी बायपासवर एका ट्रकखाली जाता जाता वाचलो, तेव्हापासून दर शनिवारी बांधतो. शाळेत अंधश्रद्धेवर भाषणं झोडणारा माणूस मी, समोर कशी टांगणार? म्हणून चाकामागे, कोणाला दिसू नये अशी. जुनी हिसका देऊन काढायची, नवी करकचून बांधायची. आधीच्या दोघांना ती दिसली नसेल असं नाही. पण देवाधर्माच्या दोऱ्याला कोण हात लावणार? बाजूला सारून काम केलं त्यांनी.

यामिनीनं मला विचारून दोरा सोडला, तुटका तुकडा काढून नवी वायर जोडली, वळताना ताण येणार नाही अशी ढिली बसवली. दहा वेळा उजवीकडे वळलो. दिवा लागला नाही. “मी कोणाला सांगणार नाही,” एवढंच म्हणाली.

रविवारी उल्हासरावांनी विचारलं, “मग काय बिघाड होता?”

“वायर ताणानं तुटली होती,” यामिनी म्हणाली.

“बस? एक वायर? अरे, मग हाती लागली नशिबानं. यात कारागिरी कोणती?”

दोन-तीन माना हलल्या. दोन शब्दांत यामिनीला सगळं सांगता आलं असतं, पण व्हॅन हातच्या जाताना दिसत होत्या तरी पोरगी माझी अब्रू झाकून उभी होती. मला बसवेना. उठलो आणि सगळं सांगितलं. ट्रक, शनिवार, लिंबू, मिरच्या, सगळं. समोर माझेच चार विद्यार्थी बसले होते, आता मिशा पांढऱ्या झालेले. हशा पिकला. पिकू दे.

मुख्याध्यापिका मेघनाताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “म्हणजे सर, तुमच्यासारख्यांनी लपवलेलंही हिला सापडतं.”

“हो जी,” मी म्हटलं, “आणि सापडल्यावर ती आमची लाजही राखते.”

उल्हासरावांनी तिन्ही व्हॅनच्या चाव्या तिच्यापुढे ठेवल्या. यामिनीनं त्या उचलल्या आणि भर बैठकीत खाली वाकून माझ्या पायांना हात लावला. मला तिला आशीर्वाद द्यायचा होता, पण तोंडातून निघालं ते एवढंच, “पोरी, चुकलो मी.”