तिसरा ब्राउझर

दोन हजार चोवीस साल. मला एकाहत्तरावं चालू होतं. फोनमध्ये आयता आलेला ब्राउझर सगळं गाव वापरायचं. पण आमच्याकडं रेंज कमी, तो नुसता गरगर फिरत बसायचा. मी म्हटलं, वखराचं काम कोळप्याकडून घ्यायचं नसतं; ज्या कामाला जे अवजार, तेच लागतं. सुनेला बसवलं अन् गावात कुणी नावही न ऐकलेले तीन ब्राउझर निवडून घेतले. हिंगोलीचे हळदीचे भाव बघायला एक हलका, कमी रेंजमध्ये उघडणारा. सातबाऱ्यासाठी दुसरा, त्यात पान कॉम्प्युटरवर दिसतं तसं दिसायचं. तिसरा मराठी पान मोठ्यानं वाचून दाखवायचा. तो बायकोसाठी. तिला अक्षरओळख नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला; लग्न झाल्यापासून पेपर तिला मीच वाचून दाखवायचो.

आता ती तूर निवडत फोनचं वाचन ऐकत बसायची. एक दिवस म्हणाली, "अवो, बर्फात एक पक्षी ऱ्हातो म्हणं. त्यातला नर अंडं पायावर घिऊन उभा ऱ्हातो. तुमी तर पाण्याच्या तांब्याला बी उठत न्हाई!"

सून हसली, मीही हसलो. मग बायको सहज बोलली, "अन् हे तुमच्यावानी अवघड शब्द गाळत न्हाई."

म्हणजे एवढी वर्षं तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ती शेतात गेल्यावर मी तो ब्राउझर काढून टाकला. संध्याकाळी तिला त्याचं चिन्ह सापडेना.

"माझ्याच बोटानं बिघडलं का वो?"

"बिघडलं असंल," मी म्हणालो.

तेव्हापासून तिनं फोनला हात लावला नाही. मी पेपर वाचू लागलो की मान हलवत ऐकायची. एकेक शब्द गाळताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण 'म्या काढला' एवढं तोंडातून निघत नव्हतं.

एकदा जेवताना सून म्हणाली, "आत्याबाई, आणा फोन, परत टाकून देते."

"नगं बाई. मी अडाणी. पुन्हा काही बिघडवीन अन् ह्यान्ला तकलीफ."

मी अर्धी भाकर ताटात ठेवून उठलो.

सकाळी चहा व्हायच्या आत सुनेसमोर बायकोला सांगितलं, "तुझ्या बोटानं काही बिघडलं न्हाई. म्या काढला."

"काहून?"

"शब्द गाळतो म्हणालीस, म्हणून."

मी सुनेकडून ब्राउझर परत टाकून घेतला अन् बायकोचं बोट धरून त्या चिन्हावर ठेवलं.