अण्णांच्या पसंतीचा सायलेन्सर

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, माझ्या बाबतीत आयुष्यभर दोनच शब्द पुरले: "बरं आहे." दहावीचा निकाल दाखवला, बरं आहे. लग्न ठरलं, बरं आहे. न्यूझीलंडला निघताना विमानतळावर पाया पडलो, तेव्हाही "बरं आहे". "छान" हा शब्द त्यांना येत नव्हता असं नाही. नगरजवळच्या एका ट्रकच्या गॅरेजात ते चाळीस वर्षं हेडमिस्त्री होते. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "तीन नंबरचा इंजेक्टर बघा." दुरुस्तीनंतर इंजिन सुरळीत चाललं की म्हणायचे, "छान!" लहानपणी इतर मुलं एकमेकांच्या सायकलींचा हेवा करायची, मी डिझेल इंजिनांचा करायचो.

तेव्हा सत्तेचाळिसाव्या वर्षी मी आठ सिलिंडरची, जुनी, लाल रंगाची ऑस्ट्रेलियन गाडी का घेतली, याची बायकोला सांगितलेली कारणं सोडून द्या. खरं कारण एवढंच, की अण्णा तीन महिन्यांसाठी पहिल्यांदाच आमच्याकडे पामर्स्टन नॉर्थला येणार होते, आणि मला त्यांच्या तोंडून एकदा "छान" ऐकायचं होतं. मला नाही तर निदान माझ्या गाडीला.

इथे एक गोष्ट आत्ताच कबूल करून टाकतो, नंतर केली तर जास्त लाज वाटेल. माझा व्यवसाय आवाज मोजण्याचा आहे. दूधपावडरीचे कारखाने, लाकडाच्या गिरण्या, असल्या ठिकाणी पिवळं जाकीट घालून, हातात मीटर धरून मी हिंडतो. कुणाच्या कानावर किती आवाज आदळतोय ते लिहून घेतो आणि मग त्या लोकांचे कान तपासतो. "एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय, की ते झोपेतही म्हणतो असं घरच्यांचं म्हणणं आहे.

तर गाडी आली. पण तिचा सायलेन्सर गंजून चाळण झालेला. तो बदलल्याशिवाय वॉरंट, म्हणजे गाडी धड असल्याचा इथला सरकारी दाखला, मिळणार नव्हतं आणि वॉरंटशिवाय गाडी रस्त्यावर काढता येणार नव्हती. मला तर हे पथ्यावरच पडलं. मी एक्सेल शीट उघडली. कुठला पाइप, किती जाडीचा, किती डबे, आवाजाची जात कुठली. मग हेडफोन लावून जगभरच्या उत्साही लोकांनी टाकलेली रेकॉर्डिंग्ज ऐकत बसलो. एकाच गाडीची घरघर सलग चौदा वेळा ऐकताना बायकोने पाहिलं.

"लग्नाआधी माझा आवाज तरी इतक्यांदा ऐकला होतास का रे?" ती म्हणाली.

"तुझ्यात निवडायला पर्याय नव्हते," मी म्हणालो. त्या दिवशी चहा मीच केला.

अण्णा आले. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. फोनवर ते आधीच कमी बोलत, आई गेल्यावर तर "हो, हो, बरं आहे" यापलीकडे जातच नसत. पाऊस कसाय विचारलं तरी बरं आहे, जेवलात का विचारलं तरी बरं आहे. माणूस दुःखाने आतल्या आत मिटलाय, असा निष्कर्ष मी काढला होता. फार खोल विचार करून काढला होता, म्हणून मला त्याचा अभिमानही होता.

आल्याच्या चौथ्या दिवशी मी त्यांना सायलेन्सरवाल्याकडे घेऊन गेलो. मोठ्या अंगाचा, पिकल्या दाढीचा माओरी गृहस्थ. भर हिवाळ्यात हाफ पँट. अण्णांनी मात्र कानटोपी, तिच्यावर मफलर आणि त्यावर माझं जाकीट असा जामानिमा केलेला. तो "किया ओरा" म्हणत पुढे आला आणि अण्णांचा हात दोन्ही हातांत घेतला. मी सांगितलं, हे चाळीस वर्षं मिस्त्री होते. झालं. त्याने स्वतःची खुर्ची हीटरजवळ सरकवली, त्यांना बसवलं आणि तेव्हापासून माझ्याकडे गिऱ्हाईक म्हणून बघायचंच सोडून दिलं. "मातुआ" म्हणायला लागला. वडीलधाऱ्या माणसाला माओरीत तसं म्हणतात.

त्याने गाडी वर उचलून मला समजावलं. मागे दोन डबे. मोठे लावले तर आवाज मऊ, लहान लावले तर भरदार. आणि मधे आणखी एक डबा असतो, तो गाडीच्या आतली गुणगुण मारतो. "तो काढलास," तो म्हणाला, "तर आवाज जबरदस्त. पण ख्रिसमसला शेजारी केक आणून देणार नाहीत."

माझ्या एक्सेल शीटचं उत्तर होतं मोठे डबे. ते बसवले. त्याने इंजिन चालू केलं. खर्जातला, गोल, मांजर मांडीवर बसून करतं तसला आवाज. माझ्या अंगावर काटा आला. मी अण्णांच्या समोर जाऊन विचारलं, "कसा वाटतो, अण्णा?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. फरशीवर पाय जरा फाकवून उभे राहिले.

"दबलाय," ते म्हणाले. "अजून मोकळा पाहिजे."

आता तुम्हीच सांगा. ज्या माणसाने स्क्रूड्रायव्हरने ट्रकचं पोट ओळखलं, त्याच्यापुढे माझी एक्सेल शीट काय बोलणार? आणि आमच्या घरात अण्णांनी गाडीबद्दल एक सांगितल्यावर दुसरं करायची पद्धत नाही. मी भाषांतर करून सांगितलं. सायलेन्सरवाल्याने मान डोलावली. मातुआ म्हणाले म्हणजे विषय संपला, ही पद्धत त्याच्याही घरची असावी.

पुढच्या आठवड्यात लहान डबे. आता गाडी गुरगुरायला लागली. अण्णा परत पाय फाकवून उभे. "बरं आहे. पण अजून दबलाय."

तिसऱ्या खेपेला मधला डबा गेला, त्याच्या जागी सरळ पाइप आला. "मातुआची आवड भारी आहे," सायलेन्सरवाला म्हणाला, पण या वेळी त्याने स्वतःच्या कानांवर संरक्षक टोपणं चढवली होती. चालू केल्याबरोबर भिंतीवरचे पाने हलले. मी आशेने अण्णांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा जरा उजळल्यासारखा वाटला. ओठ हलले. मी एवढा पुढे वाकलो की पडलोच असतो.

"आता बरं आहे," अण्णा म्हणाले.

घरी आलो तर बायको दारातच उभी. "गाडी आणलीस की पिठाची गिरणी?"

"अण्णांची पसंती आहे," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, काहीतरी बोलणार होती, बोलली नाही. मला ते माघार घेतल्यासारखं वाटलं. लग्नाला अठरा वर्षं होऊनही बायकोच्या गप्प बसण्याचा अर्थ मी असा लावू शकतो, ही माझी तयारी.

पहिल्या खेपेच्या मोठ्या डब्यांवर वॉरंट मिळालं होतं, त्याच जोरावर आठ दिवस मी ती गाडी चालवली. चौकातल्या डेअरीत दूध आणायला गेलो की आतली बाई मी दार उघडायच्या आधी दूध काउंटरवर काढून ठेवायची. शंभरच्या वेगाला गाडीच्या आत अशी घुमणारी गुणगुण भरायची, की माझे स्वतःचे दात मला ऐकू यायचे. ऑफिसचं मीटर घरी आणून मोजलं नाही. कसं मोजणार? आकडा दिसला असता.

मग तो शनिवारचा दिवस उजाडला. छान ऊन पडलं होतं, वाराही नव्हता, म्हणजे पामर्स्टन नॉर्थच्या मानाने सणच. अण्णा मागच्या अंगणात तारेवर त्यांचे बनियन वाळत घालत होते, माझ्याकडे पाठ करून. मफलर नाही, कानटोपी नाही. गाडी त्यांच्यापासून पाचसहा पावलांवर. मी किल्ली फिरवली.

शेजारच्या झाडातले सगळे पक्षी एकदम उडाले. शेजारणीचं कुत्रं कुंपणापलीकडे किंचाळत घरात पळालं. बायको दोन्ही कानांवर हात ठेवून स्वयंपाकघराच्या खिडकीत आली.

आणि अण्णांनी शांतपणे टोपलीतून आणखी एक चिमटा उचलला. बनियनची सुरकुती हाताने साफ केली, चिमटा लावला, दुसरा उचलला.

मी गाडी बंद केली. "अण्णा," म्हणालो. मग मोठ्याने म्हणालो. ते वळले नाहीत.

मी गाडीत तसाच बसून राहिलो. पाऊस कसाय, बरं आहे. जेवलात का, बरं आहे. आई होती तेव्हा फोन स्पीकरवर असायचा आणि माझं प्रत्येक वाक्य ती त्यांना परत सांगायची. "अहो, तो विचारतोय, गुडघा कसाय?" मला वाटायचं, तिला मधे मधे बोलायची सवय आहे. एकदा मी तिला त्यावरून टोकलंही होतं.

आत गेलो. बायको कणीक मळत होती.

"अण्णांना ऐकू येत नाही," मी तिला सांगितलं. जणू मीच शोध लावला.

"हो," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"दुसऱ्या दिवसापासून. मी समोर जाऊन बोलते, त्यांना कळतं. तू फ्रीजमध्ये डोकं घालून बोलतोस."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं तुला माहीत असेल. कान तपासायचं काम कोण करतं या घरात?"

मी फ्रीज उघडला आणि त्यात डोकं घातलं.

सोमवारी मी एकटाच सायलेन्सरवाल्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. तो हसेल म्हणून मीच आधी हसून ठेवलं. तो हसला नाही. आपल्या डाव्या कानाला बोट लावून म्हणाला, "माझाही हा गेलाय, ब्रो. ग्राइंडर." मग निमूटपणे मधला डबा परत जोडला, मोठे डबे बसवले. काढलेले लहान डबे आणि सरळ पाइप त्याने माझ्या डिकीत टाकले. "ठेव," म्हणाला. "मातुआच्या पसंतीचं आहे."

अण्णांना काही कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण संध्याकाळी ते गाडीत येऊन बसले, मी चालू केली, आणि मला वाटलं, आता इथेही चोरी कशाला? गाडी बंद केली. पूर्ण वळून त्यांच्याकडे तोंड केलं.

"अण्णा, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

त्यांनी गुडघ्यावरचं धोतर सारखं केलं. काचेतून समोर बघत राहिले. मला वाटलं, हेही ऐकू आलं नाही.

"येतं," ते म्हणाले. "तू असा तोंड करून बोललास की येतं."

मग म्हणाले, "तुझ्या आईला माहीत होतं. कुणाला सांगू नको म्हटलं होतं मी तिला. मिस्त्रीचे कान गेले म्हणजे काय राहिलं?"

"मी तपासू का?"

"तुझ्या त्या मशीनवर? लोकांचे तपासतोस ते?"

"हो."

"बघ," ते म्हणाले.

आमच्या तपासणीच्या खोलीत माणसाला हेडफोन लावून बसवतात. आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. अण्णा बटण फारच अचूक दाबत होते. चाळीस वर्षं ट्रकच्या गॅरेजात काढलेला माणूस आणि कान कसे तरुण मुलीसारखे! मग माझ्या लक्षात आलं, ते काचेतून माझ्या भुवया बघत होते. प्रत्येक आवाज सोडताना माझ्या भुवया वर जातात. इतक्या वर्षांत एकाही कामगाराने ही चोरी केली नव्हती, निदान आता मला तशी आशा आहे. मी अण्णांची खुर्ची भिंतीकडे वळवली. त्यानंतर बटण बराच वेळ दाबलं गेलं नाही. त्यांची पाठ मला दिसत होती. हात बटणावर तयार, मान जराशी कललेली, जणू समोर एखादं इंजिन आहे. दर वेळी मी आवाज वाढवत होतो आणि त्यांना आता ऐकू यावा म्हणून माझ्याच भुवया वर चढत होत्या.

आलेख छापून त्यांच्या हातात दिला. डोंगरावरून दगड सुटावा तशी रेघ खाली गेलेली. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"बरं आहे," अण्णा म्हणाले.

पुढचे सोपस्कार लवकर झाले. दोन छोटी यंत्रं त्यांच्या कानांत बसली. पहिले दोन दिवस ते घरभर ऐकत फिरत होते. फ्रीज, नळ, कुकर. सुनेला म्हणाले, "तुझ्या बांगड्या वाजतात गं." तिसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना अंगणात बोलावलं. आता खरी परीक्षा. कान ठीक, सायलेन्सर ठीक, माझ्या एक्सेल शीटने निवडलेला, मोठ्या डब्यांचा. मी किल्ली फिरवली. तोच मऊ, खर्जातला, गोल आवाज. झाडातला एकही पक्षी उडाला नाही. अण्णांनी पाय फाकवले, डोळे मिटले, ऐकलं. बराच वेळ ऐकलं.

"हा बदललास?" त्यांनी विचारलं.

"हो. त्याचा आवाज फार मोठा होता, अण्णा. तुम्हाला ऐकू येत नव्हतं म्हणून तुम्ही..."

"मला कशाला ऐकू यायला पाहिजे? पायातून पोटात यायचा तो." त्यांनी डबडबलेल्या नजरेने वगैरे नाही, सरळ वैतागून माझ्याकडे पाहिलं. "छान होता की रे. का बदललास?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून हसण्याचा आवाज आला. तो आता अण्णांनाही ऐकू आला. त्यांनी वळून खिडकीकडे पाहिलं आणि तेही हसले.

तो पाइप आणि ते लहान डबे गॅरेजात मागच्या फळीवर ठेवलेत. मी ते परत बसवणार नाही, मला वॉरंट हवंय आणि बायकोही. पण अण्णा रोज सकाळी चहानंतर जाऊन ते फडक्याने पुसतात, आणि मी शेजारी उभा राहून, त्यांच्याकडे तोंड करून, कुठला डबा कसा आतून बांधलेला असतो ते त्यांना विचारतो. परवा त्यांनी मला लांब स्क्रूड्रायव्हर दिला, टोक माझ्या इंजिनाला लावलं आणि मूठ माझ्या कानामागे. "ऐक," म्हणाले. मला काहीच कळलं नाही.

"कसंय?" त्यांनी विचारलं.

"छान," मी ठोकून दिलं.

"चार नंबरचा प्लग गेलाय," अण्णा म्हणाले.