फासेकाकांचे पाच रविवार

फासेकाका हरणाऱ्यावर जास्त खूश असत. खेळात कुणाचा सुपरहिरो गच्चीवरून आपटला की चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "आता मजा येईल." हैदराबादेत, मलकपेठेतल्या त्यांच्या घरी आम्ही तिघं खेळायला जमायचो: त्यांची मुलगी सुजाता, शेजारचा श्रीनू आणि मी. मी म्हणजे दिलसुखनगरच्या कोचिंगमध्ये दर परीक्षेत खालून पहिली येणारी.

खेळ टेबलाभोवती बसून बोलण्याचा. काका गोष्ट सांगणार, आपला हिरो काय करतो ते आपण बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फासे ठरवणार. "बोलो, क्या करते?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. कुणी फार वेळ लावला तर "सोचते बैठो, तोवर शहर जातं बुडून" असं दखनीत मराठी कालवून ऐकवत.

आबिड्सच्या फुटपाथवर, रविवारच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात, त्यांना या खेळाचं एक छापील साहस सापडलं. गोष्ट, खलनायक, नकाशे, सगळं तयार. असलं पुस्तक फक्त सांगणाऱ्यानं वाचायचं. खेळणाऱ्यानं वाचलं तर खेळायला उरतं काय? काकांनी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि त्यातलं अमेरिकेतलं शहर काढून तिथं हैदराबाद वसवलं. "पाच रविवार पुरेल," म्हणाले.

त्यांना तेवढेच रविवार हवे होते. आंध्र वेगळा होऊन राज्याची वाटणी झाली होती आणि सरकारी ऑफिसातली माणसंही वाटली जात होती. काकांचं घराणं नांदेडकडचं, पण वडिलांच्या नोकरीपायी शाळा झाली गुंटुरात, म्हणून कागदावर ते आंध्रचे. तिकडे बदलीची ऑर्डर कधीही येणार होती. "जायच्या आधी एवढं तुमच्याबरोबर पुरं होऊ दे," असं ते दोन-तीनदा म्हणाले.

नकाशांची झेरॉक्स काढायला त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. "तीनच पानं. बाकीची उलटू नको गं, माझी आई." मी अख्ख्या पुस्तकाची झेरॉक्स काढली. का, तर कुठंतरी एकदा हुशार ठरायचं होतं मला. दुसरं काही कारण नाही, आणि हे सांगतानाही कान तापतात.

दुसऱ्या रविवारी, शहरातले पूल कोण पाडतंय याचा शोध नुकता सुरू झाला होता. काकांनी विचारलं, "बोलो, क्या करते?" ज्या म्हाताऱ्या, निवृत्त सुपरहिरोच्या पाया पडून आम्ही निघालो होतो, त्याचंच नाव घेऊन मी म्हटलं, "हाच तो. मी याला धरते." मेले फासेही माझ्याच बाजूनं पडले. काकांनी पुस्तक मिटून ठेवलं. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सुजाताला म्हणाले, "बघ, याला डोकं म्हणतात."

आवरताना टेबलाखालची पिशवी कलंडली. उरलेल्या तीन रविवारांसाठी काकांनी पुठ्ठ्याचं शहर कापून रंगवून ठेवलं होतं. रेसकोर्स, पोस्टाची इमारत, मुसी नदीवरचा पूल. रोज ऑफिसातून आल्यावर हेच करत बसायचे, सुजाता म्हणाली. "आता याचं काय करायचं, बाबा?"

"काय करायचं? शहर वाचलं ना," म्हणत त्यांनी पिशवी माळ्यावर टाकली. नवीन साहस बसवायला वेळ नव्हता. पुढच्याच महिन्यात ते विजयवाड्याला गेले. मी निरोपालासुद्धा गेले नाही, परीक्षेचं खोटं निमित्त सांगितलं.

गेल्या वर्षी धीर करून फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. "काका, त्या साहसाबद्दल एक सांगायचंय," एवढं म्हणते न म्हणते तोच ते म्हणाले, "थांब, स्पीकरवर टाकतो. आज रविवार, माझी मंडळी खेळायला बसलीत." मग त्यांना सांगू लागले, "हीच ती, मी नेहमी सांगतो ती. सांग गं यांना, तू कसं ओळखलंस?"

पलीकडे खुर्च्या फोनजवळ सरकल्याचा आवाज आला.

"त्या म्हाताऱ्याच्या बुटाला सिमेंट लागलंय, असं तुम्ही बोलून गेला होतात ना, काका," मी म्हटलं. त्यांनी तसं काहीही सांगितलं नव्हतं.

"हौ," काका म्हणाले, "सांगितलं असेल मी. बघा, कान असे पाहिजेत."